घर विकायचंय? रंगाऱ्याआधी कपाटातली फाईल काढा. अंधेरी ते मुलुंड, वर्षभर आधीच्या तयारीचं गणित समजून घ्या

उपनगरात फ्लॅट विकायचे ठरले की पहिला फोन एजंटला जातो आणि दुसरा रंगाऱ्याला. दोन आठवड्यांत भिंती चकाचक होतात, ऑनलाइन जाहिरात पडते आणि गिऱ्हाईकही येते. घर आवडते, भाव ठरतो, टोकन हातात येते. मग खरेदीदाराची बँक कागद मागते आणि गाडी तिथेच अडते. शेअर सर्टिफिकेटवर अजून वडिलांचे नाव असते. १९८०च्या दशकातला करारनामा नोंदवलेला नसतो. लग्न होऊन नाशिकला गेलेल्या बहिणीची सही लागणार, हे कुणाच्या लक्षातच आलेले नसते. खरेदीदार महिनाभर थांबतो, नंतर दुसरे घर बघतो.

यात सर्वाधिक नुकसान होते ते ज्यांचे पुढचे घर या पैशांवर अवलंबून असते त्यांचे. जिने चढवत नाहीत म्हणून लिफ्टच्या इमारतीत जाऊ पाहणारे आई-वडील, भावंडांत वाटणी करणारे कुटुंब, किंवा मोठे घर आधीच बुक करून हप्ते सुरू झालेले जोडपे. व्यवहार तुटायला आला की घाईत भाव पाडावा लागतो.

म्हणून तयारीचा नियम सोपा ठेवा. जे काम सर्वाधिक वेळ खाते, ते सर्वांत आधी सुरू करा. रंग आठ दिवसांत होतो. वारसाची नोंद आठ दिवसांत होत नाही. त्या हिशेबाने घर विकण्याची तयारी किमान वर्षभर आधी का सुरू करावी आणि कोणत्या क्रमाने, ते पाहू.

पहिला प्रश्न : कागदावर मालक कोण?

घरात राहतो तो मालक, असे कायदा मानत नाही. मूळ करारनामा आणि शेअर सर्टिफिकेट या दोन्हींवर कोणाची नावे आहेत ते पाहा. दोन्हींवर तुमचेच नाव असेल, तर मोठा टप्पा पार झाला. नावातला कोणी हयात नसेल, तर मात्र हेच काम वर्षभराच्या यादीत पहिले.

इथे सर्वांत मोठा गैरसमज नॉमिनेशनचा आहे. ‘बाबांनी मला नॉमिनी केले होते, म्हणजे घर माझे,’ असे बरेच जण धरून चालतात. महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्यात २०१९ साली गृहनिर्माण संस्थांसाठी स्वतंत्र प्रकरण आले. त्यानुसार नॉमिनीला सोसायटी तात्पुरता सदस्य करून घेते, तेही कायदेशीर वारस सदस्य होईपर्यंत. म्हणजे नॉमिनी हा सांभाळणारा. मालकी वारसा कायद्याने किंवा मृत्युपत्राने ठरते. शेअर्स आणि म्युच्युअल फंडांच्या नॉमिनेशनबाबतही सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये शक्ती येझदानी प्रकरणात हेच सांगितले की, नॉमिनेशनमुळे वारसांचा हक्क जात नाही.

हिंदू पुरुष मृत्युपत्र न करता गेला, तर पत्नी, मुलगे, मुली आणि त्याची आई हयात असल्यास ती, या सगळ्यांना समान हिस्सा मिळतो. मुलगी विवाहित आहे की अविवाहित, याने फरक पडत नाही. त्यामुळे घर एकाच्या नावावर करायचे असेल, तर बाकीच्यांनी नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून द्यावे लागते. ते करायचे नसेल, तर विक्री करारावर सगळ्यांच्या सह्या लागतात. दोन्ही मार्ग चालतात. मात्र हे बोलणे गिऱ्हाईक दारात उभे असताना नव्हे, तर आधी शांतपणे व्हायला हवे. हिस्सा किती, पैसे कधी आणि कोणाच्या खात्यात, हे लिहून ठेवलेले बरे.

मृत्युपत्र असेल, तर ते वकिलाला आधीच दाखवा. मुंबईतल्या मालमत्तेसाठी प्रोबेट ही वर्षानुवर्षे ठरलेली पायरी होती. तुमच्या बाबतीत सोसायटी आणि खरेदीदाराची बँक नेमके काय मागेल, हे जाहिरात देण्यापूर्वी कळायला हवे.

एखादा वारस अमेरिकेत किंवा आखातात असेल, तर त्याचे मुखत्यारपत्र लागते. ते तिथल्या भारतीय दूतावासात साक्षांकित करून किंवा नोटरी आणि अपोस्टील करून पाठवले जाते. महाराष्ट्रात पोहोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर इथले मुद्रांक शुल्क भरायचे असते. पाकीट आले आणि कपाटात राहिले, असे होऊ देऊ नका.

करारनाम्यांची साखळी तुटलेली आहे का?

तुमचा फ्लॅट तुम्ही बिल्डरकडून घेतला नसेल, तर बिल्डर ते पहिला मालक, पहिला ते दुसरा आणि पुढे तुमच्यापर्यंतचा प्रत्येक करारनामा खरेदीदाराचा वकील मागतो. एक कडी गायब असली, तरी बँक कर्ज अडवू शकते.

जुन्या इमारतींत दोन अडचणी हमखास निघतात. पहिली मुद्रांक शुल्काची. १० डिसेंबर १९८५ पासून फ्लॅटच्या खरेदी करारावर विक्रीपत्राप्रमाणे पूर्ण शुल्क लागू झाले. त्यानंतरचा करार कमी मुद्रांकावर झाला असेल, तर तुटीच्या रकमेवर दरमहा २ टक्के दंड लागतो. त्याची कमाल मर्यादा तुटीच्या चौपट आहे. सरकार अधूनमधून अभय योजना आणते; डिसेंबर २०२३ मध्ये आलेल्या योजनेत १९८० ते २०२० या काळातल्या दस्तांना दंडात सवलत मिळाली होती. पण पुढची योजना केव्हा येईल या भरवशावर घर विकता येत नाही. तूट किती आहे, याचा हिशेब मुद्रांक जिल्हाधिकारी कार्यालयाकडून आधीच करून घ्या.

दुसरी अडचण नोंदणीची. दस्त सही झाल्यापासून चार महिन्यांत नोंदवायचा असतो. दंड भरून आणखी चार महिने मिळतात. त्यापुढे गेलेल्या जुन्या करारासाठी दोन्ही पक्षांचे पुष्टीपत्र करून ते नोंदवण्याचा मार्ग वकील सुचवतात. त्यासाठी मूळ विक्रेता शोधावा लागतो. वीस-तीस वर्षांनी तो सापडायला किती वेळ लागेल, हे कोणीच सांगू शकत नाही. म्हणूनच हे काम पहिल्या महिन्यात सुरू व्हायला हवे.

नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्च करून तुमच्या दस्ताची सूची क्रमांक २, म्हणजे सगळे ज्याला ‘इंडेक्स टू’ म्हणतात ती, काढता येते. तिच्यातले नाव, फ्लॅट क्रमांक आणि क्षेत्रफळ करारनाम्याशी जुळवून पाहा. चूक असेल, तर चूकदुरुस्ती दस्त करावा लागतो.

मूळ करारनामाच हरवला असेल, तर पोलिसांत तक्रार, वृत्तपत्रात जाहीर नोटीस आणि दुय्यम निबंधकाकडून प्रमाणित प्रत, असा क्रम असतो. शेअर सर्टिफिकेट हरवले असेल, तर सोसायटीकडे अर्ज, हमीपत्र आणि कमिटीचा ठराव लागतो.

कर्ज फिटले, पण कागद कुठे आहेत?

गृहकर्ज फेडल्यावर अनेक जण फक्त आनंद साजरा करतात. कागद बँकेतच राहतात. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार, १ डिसेंबर २०२३ पासून पूर्ण परतफेडीनंतर ३० दिवसांत मूळ कागद परत देणे बँकेला बंधनकारक आहे. उशीर बँकेमुळे झाला, तर दर दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यावी लागते. कागदांसोबत ‘नो ड्यूज’ पत्र घ्या आणि सरसाई या केंद्रीय नोंदीतून तारण उतरवल्याची खात्री करा. कर्ज अजून चालू असेल, तर थकीत रकमेचे पत्र आणि बँकेकडे असलेल्या कागदांची यादी मागून ठेवा. खरेदीदाराची बँक थेट तुमच्या बँकेला पैसे देऊन कागद सोडवू शकते, पण या दोन पत्रांशिवाय ती पाऊल टाकत नाही.

सोसायटीकडून काय लागते, काय नाही?

आदर्श उपविधी क्रमांक ३८ नुसार फ्लॅट हस्तांतर करण्याच्या इराद्याची नोटीस सदस्याने सोसायटीला १५ दिवस आधी द्यायची असते. त्याच उपविधीनुसार हस्तांतरासाठी सोसायटीची एनओसी सक्तीची नाही. व्यवहारात मात्र खरेदीदाराची बँक ती मागतेच. त्यामुळे कमिटीशी संबंध बरे ठेवणे, हाही तयारीचा भाग आहे.

हस्तांतर शुल्काबाबत ९ ऑगस्ट २००१चे सरकारी परिपत्रक स्पष्ट आहे. महापालिका हद्दीत हस्तांतर प्रीमियम २५,००० रुपयांपेक्षा जास्त घेता येत नाही आणि देणगीच्या नावाखालीही जादा पैसे मागता येत नाहीत. हस्तांतर फी ५०० रुपये आणि नव्या सदस्याची प्रवेश फी १०० रुपये वेगळी. यापेक्षा मोठा आकडा सांगितला गेला, तर तो लेखी मागा. सदस्यत्वाच्या अर्जावर सोसायटीने तीन महिन्यांत निर्णय दिला नाही, तर अर्जदार सदस्य झाल्याचे मानले जाते, हेही माहीत असू द्या.

मेन्टेनन्स थकला असेल, तर आत्ताच भरा. उपविधींनुसार थकबाकीवर वर्षाला कमाल २१ टक्क्यांपर्यंत सरळव्याज लागू शकते. पार्किंगचा कागद तर जरूर तपासा. दहिसर पूर्वेच्या पांचाली सोसायटीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑगस्ट २०१० रोजी निकाल दिला की, स्टिल्ट पार्किंग म्हणजे फ्लॅट नव्हे. बिल्डर ते स्वतंत्रपणे विकू शकत नाही. म्हणून जाहिरातीत ‘पार्किंगसह’ लिहिण्याआधी सोसायटीचे वाटपपत्र हातात आहे का आणि ते नव्या सदस्याला मिळते का, हे विचारून घ्या.

इमारतीचीही एक फाईल असते

खरेदीदार फक्त तुमचा फ्लॅट नाही, तर इमारतीतला हिस्सा घेत असतो. त्यामुळे चार प्रश्न येणारच. भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे ओसी आहे का? जमिनीचे अभिहस्तांतरण, म्हणजे कन्व्हेयन्स सोसायटीच्या नावे झाले आहे का? स्ट्रक्चरल ऑडिट कधी झाले? पुनर्विकास कुठल्या टप्प्यावर आहे?

उपविधींनुसार १५ ते ३० वर्षे वयाच्या इमारतीचे ऑडिट पाच वर्षांतून एकदा आणि त्याहून जुन्या इमारतीचे तीन वर्षांतून एकदा करायचे असते. सेक्रेटरीकडून ऑडिट अहवाल, ओसी आणि मालमत्ता पत्रकाच्या प्रती आधीच घेऊन ठेवा. यातले जे नसेल, ते लपवू नका. बँकेच्या तपासणीत ते निघतेच आणि मग भाव दुसऱ्यांदा पाडला जातो.

पुनर्विकासाची चर्चा सुरू असेल, तर विकायचे कधी, हा खरा आर्थिक प्रश्न आहे. नुसत्या चर्चेवर भाव वाढवून सांगता येतो, पण खरेदीदार ठराव, बिल्डरची नेमणूक आणि करार पाहतो. या तिन्हींपैकी काय झाले आहे ते कागदावर दाखवा.

गोराई, चारकोप, पंतनगर, डी. एन. नगर अशा म्हाडा वसाहतींत म्हाडाच्या परवानगीचा आणि नावनोंदणीचा टप्पा वाढतो. लॉटरीत मिळालेले घर पाच वर्षे विकता येत नाही. सोसायटी सरकारी जमिनीवर असेल, तर वांद्र्याच्या उपनगर जिल्हाधिकारी कार्यालयाची परवानगी लागू शकते. यासाठी दिवस नव्हे, महिने धरा.

पाऊस हा सर्वांत कडक इन्स्पेक्टर

आता घराकडे येऊ. मुंबईत गळती झाकणारा रंग एका पावसात उघडा पडतो. म्हणून दुरुस्तीचे वेळापत्रक पावसाभोवती बांधा. बाहेरच्या भिंतीची भेग, खिडकीचे छज्जे, बाथरूमच्या लादीचे सांधे आणि नहाणी ट्रॅप ही कामे मेअखेरपर्यंत पूर्ण करा. जून ते सप्टेंबर भिंतींवर नजर ठेवा. ओल परत आली नाही, तर ऑक्टोबरच्या उन्हात भिंती सुकू द्या आणि मग रंग काढा. याच कारणाने तयारीला वर्ष लागते.

खर्च कोणाचा, हेही ठरलेले आहे. गच्ची, बाहेरची भिंत आणि सामायिक पाइप यांची गळती सोसायटीने दुरुस्त करायची. तुमच्या बाथरूम-सिंकची तुम्ही. वरच्या मजल्यावरून पाणी येत असेल, तर सोसायटीला लेखी पत्र द्या आणि पोच ठेवा.

बँकेचा मूल्यांकनकार मंजूर नकाशा हातात घेऊन येतो. बंद केलेली बाल्कनी, पाडलेली भिंत, स्वयंपाकघर सरकवून केलेली जादा खोली, हे त्याला लगेच दिसते. बीम किंवा कॉलमला हात लागला असेल, तर स्ट्रक्चरल इंजिनीअरचा सल्ला घ्या. क्षेत्रफळही मोजून घ्या. जुन्या करारात बिल्ट-अप लिहिलेले असते, खरेदीदार कार्पेट विचारतो. १ चौरस मीटर म्हणजे १०.७६४ चौरस फूट. ४० मीटरचे घर साधारण ४३० फुटांचे.

मोठे इंटिरियर करू नका. नवे किचन तुमच्या आवडीचे असते, खरेदीदार ते बहुतेक वेळा तोडतो. त्यापेक्षा माळे रिकामे करा, जुना दिवाण आणि बंद फ्रिज काढा, बिघडलेले स्विच आणि गळके नळ बदला, पांढरे दिवे लावा. साडेचारशे फुटांच्या घरात मोकळी जमीन दिसणे, हीच सजावट. फोटो सकाळच्या उजेडात, खिडक्या उघड्या ठेवून काढा.

भाडेकरू असेल, तर लिव्ह अँड लायसन्सचा करार कधी संपतो ते पाहा आणि त्यालाही वेळेत सांगा. बहुतेक खरेदीदारांना रिकामे घर हवे असते.

बिले कोणाच्या नावावर आहेत?

वीजबिल आजोबांच्या नावावर असते, तोवर कोणाला त्रास नसतो. विकताना होतो. मुलुंडला महावितरण, अंधेरी, बोरिवली, घाटकोपर भागात प्रामुख्याने अदानी इलेक्ट्रिसिटी, काहींकडे टाटा पॉवर. नावबदलाचा अर्ज ऑनलाइन होतो. महानगर गॅसच्या जोडणीचेही तसेच. मालमत्ता कराच्या पावत्या जमवा. ५०० चौरस फुटांपर्यंतच्या निवासी घरांना जानेवारी २०२२ पासून करमाफी आहे, पण त्याआधीची थकबाकी शिल्लक नाही ना, हे पाहा.

हातात नेमके किती येतील?

भाव ठरवण्याआधी कर मोजा. घर दोन वर्षांपेक्षा जास्त काळ तुमचे असेल, तर नफा दीर्घकालीन ठरतो. २३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेल्या घरासाठी निवासी भारतीयांपुढे दोन हिशेब आहेत. एक, महागाई निर्देशांकाशिवाय १२.५ टक्के. दुसरा, निर्देशांकासह २० टक्के. ज्यात कर कमी, तो धरता येतो.

समजा, १९९४ मध्ये घेतलेला फ्लॅट १ कोटी ४० लाखांना विकला. २००१ पूर्वीच्या घरासाठी १ एप्रिल २००१चे बाजारमूल्य धरता येते, मात्र ते त्या दिवशीच्या मुद्रांक मूल्यापेक्षा जास्त नको. ते १२ लाख निघाले असे धरू. पहिल्या पद्धतीत नफा १ कोटी २८ लाख, कर १६ लाख. दुसऱ्या पद्धतीत २०२५-२६च्या ३७६ या निर्देशांकाने १२ लाखांचे ४५.१२ लाख होतात, नफा ९४.८८ लाख आणि कर सुमारे १८.९८ लाख. इथे पहिली पद्धत जवळपास ३ लाखांनी स्वस्त. सेस आणि अधिभार वेगळा. २००१च्या मूल्यासाठी नोंदणीकृत मूल्यांकनकाराचा अहवाल लागतो, तो आधीच करून घ्या.

नफा नव्या घरात गुंतवला, तर सवलत मिळते. त्यासाठी विक्रीच्या एक वर्ष आधी किंवा दोन वर्षांनंतरपर्यंत घर घ्यावे लागते, बांधायचे असेल तर तीन वर्षे. ठरावीक सरकारी बाँडमध्ये सहा महिन्यांत ५० लाखांपर्यंत गुंतवण्याचा पर्यायही आहे. ते पाच वर्षे अडकतात. जुन्या कायद्यात ही कलमे ५४ आणि ५४ईसी म्हणून ओळखली जात. १ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या आयकर कायद्यात क्रमांक बदलले आहेत, त्यामुळे सीएला विचारताना विषय सांगा, नुसता क्रमांक नको.

५० लाख किंवा त्याहून मोठ्या व्यवहारात खरेदीदार १ टक्का टीडीएस कापतो. तुमचा पॅन आधारशी जोडलेला नसेल, तर ही कपात २० टक्क्यांवर जाऊ शकते. विक्रेता एनआरआय असेल, तर कपात खूप मोठी असते. कमी कपातीचे प्रमाणपत्र आयकर विभागाकडून विक्रीआधीच मिळवावे लागते.

खरेदीदाराचे बजेटही समजून घ्या. मुंबईत त्याला मेट्रो अधिभारासह ६ टक्के मुद्रांक शुल्क (महिलेच्या नावे घेतल्यास ५ टक्के) आणि कमाल ३०,००० रुपये नोंदणी शुल्क भरायचे असते. १ कोटी ४० लाखांच्या घरावर हे शुल्कच ८ लाख ४० हजार होते. भावातली घासाघीस बऱ्याचदा या आकड्याभोवती फिरते.

वर्षाचे वेळापत्रक एका नजरेत

● १२ महिने आधी : मालकी, वारस, हक्कसोडपत्र, करारनाम्यांची साखळी, मुद्रांकाची तूट. वकिलाची एक बैठक.

● ९ महिने आधी : बँकेतले मूळ कागद, म्हाडा किंवा जिल्हाधिकारी परवानगीचा अर्ज, इमारतीच्या कागदांच्या प्रती.

● पावसाळ्यापूर्वी : गळती, प्लंबिंग, बाहेरच्या भेगा. बिलांवरील नावबदल.

● पावसाळ्यात : ओलीवर लक्ष, सामान कमी करणे, सीएकडून कराचा हिशेब.

● ऑक्टोबर : रंग, किरकोळ दुरुस्ती, फोटो. सोसायटीची थकबाकी शून्य.

● दिवाळीनंतर : सगळ्या कागदांचे एक स्कॅन केलेले फोल्डर तयार करून मगच जाहिरात. आधार आणि पॅनच्या प्रती मात्र गंभीर खरेदीदारालाच द्या.

पितृपक्षात निर्णय लांबतात, गुढीपाडवा आणि अक्षय्य तृतीयेला गिऱ्हाईक हलते, हा एजंटांचा नेहमीचा अनुभव. पण मुहूर्त गाठायचा, तर फाईल त्याआधी तयार हवी. टोकन घेताना रक्कम, मुदत आणि व्यवहार मोडल्यास परतीची अट लिहून घ्या, आणि वरच्या यादीतला पहिला टप्पा पूर्ण झाल्याशिवाय टोकन घेऊच नका.

आज सुरुवात करायची असेल, तर एकच काम करा. कपाटातून शेअर सर्टिफिकेट काढा आणि त्याच्या मागच्या बाजूला शेवटचे नाव कोणाचे आहे ते वाचा. तुमची तयारी तीन महिन्यांची की वर्षाची, हे तिथेच समजेल.

(ही माहिती सर्वसाधारण स्वरूपाची आहे. प्रत्यक्ष व्यवहारापूर्वी वकील आणि सीए यांचा सल्ला घ्यावा.)